सहा शेतं, एक दार

"एकदा आलं ते पाहुणं, दुसऱ्यांदा आलं ते आपलं."

संगणकाच्या पडद्यावर उत्तर उमटलं की काका हे म्हणायचे. मग मनगटावरचं घड्याळ काढून कीबोर्डाशेजारी ठेवायचे आणि तोच प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून चालवायचे. दुसऱ्यांदाही तेच उत्तर आलं तरच वहीत उतरवायचे. आकडेमोडीच्या ऑफिसात असा एखादा माणूस असतोच, तुम्हीही पाहिला असेल. बाकीचे तोवर कँटीनमध्ये समोसे संपवून आलेले असतात.

आमचं ऑफिस झाशीच्या सिविल लाइन्समध्ये. शेतीच्या प्रयोगांचे आकडे आमच्याकडे येतात, आणि कुठलं वाण सरस ठरलं, कुठलं खत फुकट गेलं, हे आम्ही सांगतो. ते तिथे तांत्रिक सहायक होते आणि मी यंत्रखोली सांभाळणारी. यंत्रखोली म्हणजे एक मोठा सर्व्हर आणि दोन एसी, त्यातला एक कायम आजारी. सगळं ऑफिस त्यांना पंडितजी म्हणायचं, कारण त्यांचे पूर्वज कधीकाळी पूजेअर्चेसाठी दक्षिणेकडून झाशीत आले. आमचे पूर्वज शिपाईगिरी करायला आले. तेव्हा त्यांच्या हातात पळी-पंचपात्र आणि आमच्या हातात तलवार, एवढाच काय तो फरक. आता दोघांच्याही हातात माऊस. ऑफिसात मराठी घरातले आम्ही दोघंच, म्हणून मी त्यांना काका म्हणायचे आणि ते मला बेटा.

त्यांचं मराठी जुन्या वळणाचं. 'खूप वेळ' न म्हणता 'वाढूळ' म्हणायचे. पुण्याच्या माझ्या मावसबहिणीला तो शब्दच ठाऊक नव्हता, तिला वाटलं मी काही खाण्याचं नाव घेतेय. माझं मराठी अर्धं हिंदी. "तुझं मराठी म्हणजे खिचडी आहे," ते म्हणायचे, "पण भूक भागते." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

ते मूळचे शेतातले माणूस. नोकरीला लागले ते प्रयोगाच्या प्लॉटांवर सुतळ्या आणि खुंट्या लावायला. पुढे बाहेरून परीक्षा देत एम.एस्सी. झाले, संगणक शिकले, आणि संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या डॉक्टर लोकांपेक्षा, म्हणजे पीएच.डी. झालेल्या आणि होऊ घातलेल्या शास्त्रज्ञांपेक्षा, जास्त रमले. डॉक्टर लोक कोवळे, काही तर त्यांची मुलं शोभतील अशा वयाचे. "पंडितजी, ज़रा चला दीजिए," म्हणून आपली आकड्यांची फाइल त्यांच्या टेबलावर ठेवून जायचे. मग वर्षा-दोन वर्षांनी प्रबंध छापून यायचा, आणि आभाराच्या पानावर शेवटून दुसऱ्या ओळीत त्यांचं नाव असायचं. शेवटच्या ओळीत ड्रायव्हर. ते पान ते चष्मा पुसून वाचायचे आणि "छान लिहिलंय हो" म्हणून प्रबंध कपाटात लावायचे. असे प्रबंध त्यांच्या कपाटात दोन खण भरून होते.

आता 'अन्ना'बद्दल सांगायला हवं. आमच्याकडे बुंदेलखंडात पीक निघालं की जनावरं मोकळी सोडायची जुनी रीत आहे. त्या मोकाट जनावरांना अन्ना म्हणतात. आता ती पीक निघण्याची वाटही बघत नाहीत. एका हिवाळ्यात बरुआसागरला तलावाकाठी आमचा हरभऱ्याचा प्रयोग होता. सकाळी जीपने पोचलो तर तीस-पस्तीस गाई निवांत रवंथ करत उभ्या, आणि प्रयोगाचे अर्धे प्लॉट साफ. सोबतचे डॉक्टरसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "डेटा बरबाद. फेंक दो." काका चप्पल काढून बांधावर बसले आणि खाल्लेल्या प्लॉटांमधले बुडखे मोजायला लागले.

"हे काय करताय, काका?"

"खाल्लेलं शेतसुद्धा काहीतरी सांगतं, बेटा. ऐकणारा पाहिजे."

दुपारपर्यंत मोजत होते. एक गाय त्यांच्या खांद्यापर्यंत नाक आणून वहीचा वास घेऊन गेली, तिला त्यांनी फक्त "चल, हट" म्हटलं.

त्यातूनच त्यांच्या प्रबंधाचा विषय निघाला. प्रयोगातले काही प्लॉट जनावरांनी खाल्ले, तर उरलेल्यांवरून खरं उत्तर काढायची एक रीत त्यांनी बसवली होती. लोक असे प्रयोग रद्दीत टाकतात, म्हणजे वर्षभराची मेहनत टाकतात. त्यांनी अशी टाकलेली सहा ठिकाणं गोळा केली: बरुआसागर, मऊरानीपुर आणि आणखी चार. वयाच्या बावन्नाव्या वर्षी पीएच.डी.ला नाव घातलं. ऑफिसात हसले लोक. "पंडितजी, अब क्या शादी करनी है?" ते पण हसले.

घरी काकू हसल्या नाहीत. शेतातल्या वह्या घामाने आणि मातीने पुसट झालेल्या. काकूंनी त्या सगळ्या आपल्या टपोऱ्या अक्षरात उतरवून काढल्या. मग रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या आकडे वाचून दाखवायच्या आणि काका टाइप करायचे. असं आठ वर्षं. मी एकदा गेले तेव्हा काकू वरणाला फोडणी देता देता "मऊरानीपुर, तिसरा प्लॉट, खाल्लेला" असं तोंडपाठ म्हणत होत्या. "माझं अर्धं डॉक्टरपण आहे बघ यात," मला म्हणाल्या. काका आतून म्हणाले, "अर्धं कसलं, पाऊण."

विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती. शेवटची मुदत होती जूनअखेर, आणि त्याच दिवशी काकांची निवृत्ती. प्रबंध सादर करण्याआधीच्या बैठकीत समितीने एक अट घातली. रीत कागदावर ठीक आहे, पण ती पुन्हापुन्हा तपासून दाखवा. म्हणजे संगणकात हजारो वेळा पूर्ण शेत तयार करायचं, दर वेळी त्यातले काही प्लॉट पुसायचे, आणि काकांच्या रीतीने खरं उत्तर परत मिळतं का ते बघायचं. सहाही ठिकाणांसाठी. त्याचे सहा तक्ते प्रबंधात हवेत, नाहीतर मार्गदर्शक सही करणार नाहीत. काका खूश झाले. पुन्हा करून दाखवा म्हणणारी माणसं त्यांना देवमाणसंच वाटायची.

काम मोठं होतं. एकेक शेत ओळीने करत बसलं तर एका ठिकाणालाच दोन दिवस लागणार, आणि झाशीची वीज दोन दिवस सलग टिकेल असं म्हणायला जीभ धजावत नाही. म्हणून काम वाटून द्यायचं. एक मुख्य प्रोग्राम आपल्या हाताखाली दहा मदतनीस उभे करतो, प्रत्येकाला थोडं काम देतो आणि उत्तरं गोळा करतो. हे मदतनीस मुख्य प्रोग्रामाशी एका दारातून बोलतात. यंत्राला अशी हजारो दारं असतात, प्रत्येकावर नंबर, त्याला पोर्ट म्हणतात. एक दार एका वेळी एकालाच मिळतं. स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत एकच बाबू बसतो, तसं. एवढं लक्षात ठेवलंत की पुरे, याहून जास्त मलाही तेव्हा कुठे लक्षात होतं!

काकांनी सहा ठिकाणांचे सहा मुख्य प्रोग्राम लिहिले आणि घड्याळ लावून दिलं, की सकाळी बरोबर दहा वाजता सहाही आपोआप सुरू व्हावेत. ऑफिसात याला 'पंडितजी का मुहूर्त' म्हणायचे. पण तो मुहूर्त नव्हता, ती शेतातली शिस्त होती. प्रयोगात सगळे प्लॉट एकाच दिवशी, एकाच हाताने, एकाच खोलीवर पेरायचे, नाहीतर तुलना खोटी पडते. तीच शिस्त त्यांनी इथे आणली. सहाही प्रोग्रामांच्या पहिल्याच ओळीत एकच सुरुवातीचा आकडा. तो आकडा दिला की यंत्राचे नशिबाचे फासे दर वेळी त्याच क्रमाने पडतात, आणि उत्तर पुन्हा तेच येतं. "सगळ्यांना एकच आकडा आणि एकच वेळ," ते म्हणाले. "कुणी म्हणायला नको की पंडिताने एका शेताचे लाड केले."

मेच्या मध्यावर पहिल्यांदा दहा वाजले, आणि काहीच झालं नाही.

म्हणजे अगदी काहीच नाही असंही नाही. दोन प्रोग्राम 'दार उघडता येत नाही' असं म्हणून मेले. बाकीचे ना मेले, ना पुढे सरकले. पडद्यावर कर्सर मिचमिचत राहिला. काका घड्याळ काढून ठेवून त्याच्यासमोर बसून राहिले. बारा वाजले, दोन वाजले. बाहेर तापलेली लू वाहत होती. चारला त्यांनी मला बोलावलं.

"बेटा, वाढूळ झालं. हे काम करतंय की थांबलंय?"

मी बघितलं. मला सांगता येईना. ऐकून तुम्हाला विचित्र वाटेल, पण यंत्र विचारात गढलंय की नुसतं ताटकळलंय, हे बाहेरून सारखंच दिसतं. पण माझ्या टेबलावर 'सिस्टम इनचार्ज' अशी पाटी होती, तेव्हा मी म्हटलं, "जुने अडकलेले प्रोग्राम दार धरून बसले असतील. साफ करते, उद्या चालेल."

साफ केलं. उद्याही तेच. परवाही तेच.

पुढचे सहा आठवडे मी काय काय नाही केलं! रोज सर्व्हर बंद करून चालू केला. मेमरी वाढवली. आजारी एसीला बरं करवून घेतलं. ऑफिसच्या सुरक्षेच्या भिंतीनेच दारं बंद ठेवली असतील असं वाटून मुख्यालयाला पत्र लिहिलं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं, की दारं अगोदरपासून उघडीच आहेत, कृपया स्थानिक पातळीवर बघावे. स्थानिक पातळी म्हणजे मी. मी एकेक प्रोग्राम स्वतः चालवून बघितला, तर तो सुरळीत चालायचा. "काका, चाललं!" मी आनंदाने ओरडायचे. ते म्हणायचे, "हे एक शेत झालं. वेगवेगळ्या दिवशी पेरलेल्यांची तुलना होत नाही. उद्या दहाला सहाही लावू." आणि उद्या दहाला पुन्हा तो मिचमिचणारा कर्सर. माझ्यासमोर चालतं आणि त्यांच्यासमोर रुसतं, असं ऑफिसात पसरलं. कुणीतरी शनीची शांत करायला सांगितलं. फाटकावरचा पहारेकरी रोज विचारायचा, "काय पंडिज्जी, खुल गओ द्वार?" आणि ते म्हणायचे, "नईं भैया, अबै नईं."

सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना ती चूक खोटी वाटेना. "दुसऱ्यांदाही तेच आलंय गं," ते एकदा म्हणाले. "दहाव्यांदाही. म्हणजे ही चूक खरी आहे. कुठेतरी कारण आहे." बरोबरच बोलत होते. मी मात्र मेमरी आणि एसी यांच्या पलीकडे बघत नव्हते.

मला त्या दिवसांतले ते आठवतात ते पाठमोरे. मानेवर भिजलेली कॉलर, बाजूला काकूंनी दिलेली ताकाची बाटली, समोर काळा पडदा. शेतात गाई शिरल्या होत्या तेव्हा त्यांना काय करायचं ते कळत होतं. इथे बांध नव्हता, बुडखे नव्हते, हाताला लागेल असं काहीच नव्हतं. "बेटा, हे काम करतंय की थांबलंय?" हा प्रश्न ते दिवसातून तीनदा विचारायचे, आणि मला त्याची इतकी चीड यायला लागली की एकदा मी म्हणून गेले, "मला काय माहीत काका, मी काय त्याच्या आत बसलेय?" ते ओशाळून म्हणाले, "नाही नाही, तुझं काम बघ तू." ते ओशाळणं मला अजून टोचतं.

जूनचा शेवटचा दिवस आला. ते इस्त्रीचा मोतिया शर्ट घालून आले. हातात पेढ्यांचा मोठा डबा आणि बगलेत प्रबंध, बांधून घेण्यापुरता तयार. सहा तक्त्यांची सहा पानं तेवढी कोरी, त्यावर पेन्सिलीने चौकटी आखलेल्या. दहा वाजले. दुपारी चारपर्यंत आम्ही दोघं त्या कर्सरासमोर बसून होतो. चारला त्यांनी स्वतः उठून यंत्र बंद केलं.

पाचला निरोपसमारंभ होता. हार, शाल, श्रीफळ. साहेब म्हणाले, पंडितजींनी या संस्थेला नेहमी अचूक उत्तरं दिली. टाळ्या झाल्या. पेढे वाटले गेले, सगळ्यांना वाटलं निवृत्तीचे.

फाटकापर्यंत मी सोबत गेले. तिथे ते थांबले.

"पेढे तिने केलेत. तिला वाटतंय, मी दुपारी विद्यापीठात देऊन आलो. सकाळी तसंच सांगून निघालो होतो गं. वाटलं, आज तरी चालेल." मग म्हणाले, "आज नाही बोलवणार माझ्याच्याने. दोन दिवसांनी सांगतो. तोवर तू काही बोलू नकोस."

मी मान हलवली.

कारण सापडलं ते तीन आठवड्यांनी, आणि तेही माझ्या हुशारीने नाही. आमच्या एका डॉक्टर मॅडमने काकांचेच सहा प्रोग्राम नमुना म्हणून उचलून त्यात आपले आकडे घातले होते. त्यांना घड्याळ लावायचा कंटाळा. त्यांनी एक सुरू केला, चहाचा घोट घेतला, दुसरा सुरू केला, फोनवर बोलल्या, तिसरा सुरू केला. सहाही गुमान चालले. मी उभ्याउभ्या बघत राहिले. तेच यंत्र, तेच प्रोग्राम. फरक एवढाच, की ते एकाच क्षणी सुरू झाले नव्हते.

मग मी सॉफ्टवेअरच्या आतलं वाचलं, जे मी मेमध्ये वाचायला हवं होतं. आमच्या यंत्रावर त्याची जुनी आवृत्ती होती. ती दाराचा नंबर निवडताना दोनच गोष्टी बघायची: फासे आणि घड्याळ. काकांच्या सहाही प्रोग्रामांचे फासे एकाच आकड्यापासून सुरू होणारे, आणि घड्याळ बरोबर दहाचं. सहाही जण रोज एकाच दारावर जाऊन आदळत होते. एकाला ते मिळायचं, पण त्याच्याकडे बाकीच्यांचेही मदतनीस येऊन कोंडाळं करायचे, आणि सगळेच खोळंबायचे. एका शेताचेही लाड होऊ नयेत म्हणून केलेल्या शिस्तीने सहाही शेतं अडवली. दुसरा कुणी गबाळा माणूस असता तर त्याचं काम मेमध्येच झालं असतं.

उपाय एका ओळीचा होता. प्रत्येक प्रोग्रामाला त्याचं दार आपणच नेमून द्यायचं. त्यांचा आकडा तसाच ठेवला, दहाची वेळही तशीच ठेवली, फक्त सहा दारं सहा जणांना वाटून दिली. दोन वाजता सगळं संपलं होतं. चार तास. मी पुन्हा चालवलं. संध्याकाळी सहाला पुन्हा तेच आकडे. सहाही ठिकाणी त्यांची रीत खरी निघाली होती.

मी त्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते आले. नव्या पहारेकऱ्याने त्यांना रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं. ते तक्ते बोटाने एकेक ओळ धरून वाचत गेले. मऊरानीपुरला थोडे थांबले, मान हलवली, पुढे गेले. शेवटी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांना एका वाक्यात कळलं, मला दोन महिने लागले होते.

"किती वेळ लागला चालायला?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "चार तास," मी म्हटलं.

त्यांनी टेबलाची कड धरली. वाढूळ तक्त्यांची सहा पानं जुळवत राहिले. मग म्हणाले, "चूक माझीच की. सगळ्यांना एकाच क्षणी पेरलं."

"नाही काका, माझी. यंत्र माझं होतं. मी वाचायला हवं होतं." मला रडू फुटलं. आसपास लोक होते, पण आवरलं नाही.

"रडू नकोस. तारीख तशीही गेली असती. माझा संदर्भांचा भाग अर्धाच होता." तो अर्धा नव्हता. मी तो प्रबंध पाहिला होता, त्यात सहा पानांवाचून काही राहिलं नव्हतं.

आम्ही दोघं विद्यापीठात गेलो. खिडकीतला बाबू भला माणूस होता. त्याने तीनदा काकांचा नोंदणी नंबर टाकला आणि पडदा आमच्याकडे वळवला. लाल अक्षरात 'नोंदणी रद्द' एवढंच येत होतं. "पंडितजी, मैं क्या करूँ, फाइल खुल ही नहीं रही," तो म्हणाला. वर अर्ज केला, तर नियमानुसार विचार करता येत नाही असं उत्तर आलं. ते पत्र काकांनी चार घड्या करून पाकिटात ठेवलं. घरी नेलं नाही, मला दिलं. "घरात नको. तिच्या हाती लागेल."

"काका, अजून सांगितलं नाहीत?"

"रोज सांगायला बसतो. ती म्हणते, पदवी घेताना कोणता कोट घालणार? मग राहतं." थोड्या वेळाने म्हणाले, "आठ वर्षं वाचून दाखवलंय तिने. कुठल्या तोंडाने सांगू, की दार मिळालं नाही म्हणून?"

दसऱ्याला भेटले तेव्हाही सांगितलेलं नव्हतं. दिवाळीनंतर त्यांना ताप आला. आधी साधा वाटला, मग छातीत उतरला. मी दवाखान्यात गेले तेव्हा ऑक्सिजनची नळी होती. काकू औषध आणायला खाली गेल्या होत्या. काकांनी मला जवळ बोलावलं. "सांगेन मी तिला," म्हणाले. "जरा बरा होऊ दे."

ते बरे झाले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

विद्यापीठाचं ते पत्र माझ्याकडे आहे. ते द्यावं की फाडावं, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. काकूंना भेटायला मी महिन्यातून एकदा जाते. पहिले काही महिने त्या विचारायच्या, "विद्यापीठाला वेळ लागतोच ना गं?" मी म्हणायचे, "लागतो, काकू." दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग त्या आत जाऊन प्रबंधाची घरची प्रत आणायच्या. त्यात मी दिलेले सहा तक्ते काकांनी पेन्सिलीच्या चौकटींवर नीट चिकटवलेले. "हे सगळं बरोबर आलं ना?" त्या विचारायच्या. याचं उत्तर मला देता येत होतं. "सगळं बरोबर आलं, काकू. दोनदा." यावर त्यांचा चेहरा असा फुलायचा, की पुढचं वाक्य राहूनच जायचं.

गेल्या रविवारी गेले तर त्यांच्या घराच्या फाटकाशी शिडी लावलेली. मिस्त्री भिंतीत भोक पाडत होता. काकूंनी पदराने पुसून मला एक पितळी पाटी दाखवली. नवी कोरी, अक्षरं खोल कोरलेली. आधी 'डॉ.', मग त्यांचं पूर्ण नाव.

"म्हटलं, कागद येईल तेव्हा येईल. काम तर पुरं केलंय ना त्यांनी? तू ऑफिसातली, तुला ठाऊक. असंच लिहितात ना?"

मी पाटी हातात घेतली. उन्हाने तापलेली होती. पर्समध्ये ते पत्र होतं. पर्स बदलली तरी ते मी नव्या पर्समध्ये घालतेच.

"हो काकू. असंच लिहितात."

मिस्त्रीने स्क्रू पिळले. काकू म्हणाल्या, "जरा पलीकडून बघ गं, मला इथून कळत नाही." मी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले. दोन सायकलवाले मान वळवून पाटी वाचत गेले. काकू शिडी धरून माझ्याकडे बघत होत्या.

"सरळ आहे का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"सरळ आहे, काकू," मी म्हणाले, आणि तिथेच उभी राहिले.